तेजस्वीने काढून घेतलेलं ‘जोडाक्षर’

विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या तेजस्वीला राग लवकर यायचा नाही. पण आला की घर करून राहायचा. कल्पेशवरचा राग तर तिने पावसाळाभर जपला.

दोघं एकाच कॉलेजातले. पुढे मिळून विरारला छोटं ऑफिस थाटलं. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमवर चालणारा मराठी छपाईचा प्रोग्राम ते छापखान्यांना बसवून द्यायचे. त्या प्रोग्रामचा जीव म्हणजे ‘जोडाक्षर’ नावाची लायब्ररी, म्हणजे अक्षरं जुळवणारा तयार कोड. ती नसली की ‘ख्रिस्त’ आणि ‘श्री’ दोघांचेही तुकडे पडायचे. तेजस्वीने ती एकटीने लिहिली आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली. कुणीही फुकट वापरावी, फक्त लिहिणारीचं नाव खोडू नये, एवढीच अट.

कल्पेशने नेमकं तेच खोडलं.

वसईत छापखानेवाल्यांचा मेळावा होता. पडद्यावर प्रोग्राम उघडला, तर खाली नाव एकट्या कल्पेशचं. कुणीतरी विचारलं, “आणि या मॅडम?”

“ही आमची तेजस्वी. टायपिंगचं बघते,” कल्पेश हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवून ती घरी आली. आई आशालता चिडली. “भांडायचंस तरी!”

“भांडले असते तर सॉरी म्हणून मोकळा झाला असता.”

कल्पेशचा आळस तिला पुरता ठाऊक होता. ‘जोडाक्षर’ची प्रत त्याने कधी स्वतःकडे ठेवलीच नव्हती. नव्या कॉम्प्युटरवर कमांड द्यायची, की तेजस्वीच्या इंटरनेटवरच्या साठ्यातून ती आपोआप यायची. ठाण्याच्या एका मोठ्या प्रकाशकाकडे, त्यांच्याच कॉम्प्युटरवर, त्याला प्रोग्राम बसवून दाखवायचा आहे, हे ऑफिसातल्या पिंकीकडून कळलं. त्या सकाळी तेजस्वीने लायब्ररी साठ्यातून काढून टाकली आणि फोन समोर ठेवून बसली.

फोन आलाच. “तेजू, सर्व्हर बंद आहे का? कॉम्प्युटर ‘जोडाक्षर’ सापडत नाही म्हणतोय!”

“सर्व्हर चालू आहे. मी काढलंय.”

“अगं, माणसं समोर बसलीत!”

“सांग ना त्यांना, टायपिंगवाली सुट्टीवर आहे.”

त्या दुपारी ती पोटभर जेवली.

पण संध्याकाळी भुईगावच्या गॉडफ्रे अंकलचा फोन आला. तिच्या प्रोग्रामवर पहिला विश्वास टाकणारा छापखाना त्यांचा. आदल्या दिवशी त्यांची छापलेली अक्षरं जरा हलली होती. “कल्पेश म्हणाला, लायब्ररी काढा नि परत टाका. आज काढली, पोरी. आता परत येतच नाही. चर्चच्या सणाची पुस्तिका अडकलीय.”

अंकल मधे सापडतील हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने पेन ड्राइव्ह घेतला, स्कूटर काढली आणि भुईगावला जाऊन लायब्ररी हाताने बसवून दिली. पहिलं पान नीट छापून आलं.

“त्याच्यावर राग काढ,” अंकल पान निरखत म्हणाले, “पण आम्हाला कशाला अडकवतेस?”

ते तिला लागलं. तरी तिने नमतं घेतलं नाही. जो छापखाना फोन करील, तिथे स्वतः जाऊन बसवून देऊ लागली. कल्पेशचे फोन मात्र वाजत राहिले.

शेवटी तो नंदाखालला दारात येऊन उभा राहिला.

“काय करू सांग.”

“ज्यांच्यासमोर खोटं बोललास, त्यांच्यासमोर खरं बोल.”

पुढच्या मेळाव्यात कल्पेशने खाली बघत सांगितलं, ‘जोडाक्षर’ तेजस्वीचं आहे. टाळ्या पडल्या. तिने त्याच संध्याकाळी लायब्ररी परत खुली केली.

“मिटलं ना आता?” त्याने विचारलं. “ऑफिसला ये.”

“लायब्ररीचं मिटलं.”

भुईगावात अंकलच्या छापखान्याशेजारी तिने स्वतःचं दुकान टाकलं, प्रोग्रामही नवा लिहिला. कल्पेशची गिऱ्हाइकं एकेक करून तिच्याकडे वळली. नवा प्रोग्राम बसवायचं काम ती पिंकीवर सोपवते. पिंकी आता तेजस्वीकडेच कामाला असते. पण गिऱ्हाइकाकडचा कल्पेशचा जुना प्रोग्राम काढायचा असला, की खुर्ची ओढून तेजस्वी स्वतः बसते.