रझिया सिस्टर आणि आमची पहिली शर्यत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी रझिया सिस्टरांचं नाव घेतो. आईला हे ठाऊक आहे आणि तिची त्याबद्दल तक्रार नाही. सिस्टर दिग्रसच्या. आमच्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या आणि गावोगाव सायकलवर फिरायच्या. त्यांची एक सवय नव्या माणसाला चमत्कारिक वाटायची. पायी असोत की सायकलवर, थोडं अंतर गेलं की त्या मागे वळून पाहत. पुढे कोण निघून गेलं याची त्यांना फिकीर नसे. मागे कोण राहिलं, तेवढंच त्या पाहायच्या.

आमची ओळख बोंडअळीच्या सालातली. कपाशीची पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि बोंडं आतून किडली होती. जो तो विषारी औषधाची फवारणीमागून फवारणी करत होता. एक दिवस बाबा पंप पाठीवर घेऊन शेताच्या धुऱ्यावरच कोसळले. गावात गाडी मिळेना. मी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, दुपट्ट्यानं माझ्या पाठीशी बांधलं आणि केंद्रावर आणलं. सलाईन लावून झाल्यावर सिस्टर बाहेर आल्या.

"त्या चढावरून डबलसीट आला?"

"हो."

"दम नाही लागला?"

"लागला. थांबत थांबत आलो."

"बाप काही म्हणे का नाही रस्त्यानं?"

"म्हणत होते, मले इथंच सोड अन् तू डॉक्टर घेऊन ये."

"अन् तू सोडलं नाही." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग तूच पायजे मले."

मला वाटलं, रक्त द्यायचं असेल. मी बाही वर केली. त्यावर त्या इतक्या हसल्या की आतून बाबांनी विचारलं, काय झालं म्हणून.

त्यांना हवा होता साहसी शर्यतीसाठी गडी. हिवाळ्यात अरुणावती धरणाच्या आसपास अशी शर्यत होणार होती. हातात नकाशा घेऊन रानातून पळायचं, सायकल चालवायची, पाण्यात नाव वल्हवायची आणि वाटेतल्या प्रत्येक चौकीवर शिक्का घ्यायचा. तिघांची टीम, त्यात एक तरी बाई हवी आणि शेवटपर्यंत तिघांनी सोबत राहायला हवं, असा नियम. आदल्या वर्षी शहरातल्या एका टीमनं सिस्टरांना घेतलं होतं.

"त्याइले नियमापुरती बाई पायजे होती," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या चौकीपर्यंत संग होते. मंग म्हणे, ताई, तुम्ही हळूहळू या. मी पोचली तं हे भांडून राह्यले होते. तिघं संग नाही म्हणून टीम बाद. अन् दोष कोणाचा? माहा! मले एकदा ही शर्यत पुरी करायची हाय, गजानन. पयणारे लय भेटतात. मले थांबणारे पायजे."

मी त्याच वर्षी बी.ए. झालो होतो आणि घरी बसून होतो. घराण्यातला पहिला पदवीधर असल्यामुळे माझं रिकामं बसणं सगळ्या गावाला दिसत होतं. मी कॉलेजातल्या राठोडला तिसरा गडी म्हणून आणला. त्याला निदान पोहता येत होतं. आम्ही सराव सुरू केला तशी पारावर चर्चाही सुरू झाली. "वावरात बोंड नाही उरलं, अन् हा हाफपँट घालून पयते. डिगरीनं येडा झाला." धरणावर एका भोयाचा मासेमारीचा डोंगा मागून घेतला, तर तो जागच्या जागी गोल फिरू लागला. काठावरून सिस्टर ओरडल्या, "काहून रे, तेलघाणी चालवून राह्यले का दोघं?"

त्यांचा एक नियम मात्र मला डोंग्यापेक्षा जड गेला. थकलं की तोंडानं सांगायचं. मी कधीच सांगत नसे. पोटरी दगडासारखी झाली तरी म्हणायचो, काही नाही, चला. एकदा त्या सायकल आडवी टाकून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुह्या बापाले सकाळपासून गरगरत होतं. सांगितलं कोणाले? पडल्यावर समजलं सगळ्याइले. या साली असे किती जण मी पाह्यले, तुले माहीत नाही. थकलो म्हणायले लाज वाटते तुमाले, अन् खाटेवर आणून टाकलं की नाही वाटत!" मी मान हलवली. पण आमच्या घरात हा शब्द कुणी पुरुष बोललेला मी ऐकला नव्हता.

शर्यतीच्या दिवशी नावेतून उतरलो तेव्हा माझ्या पायात गोळे आले होते. शेवटचा टप्पा पळण्याचा होता आणि सूर्य बुडायच्या आत पोचायचं होतं. सिस्टरांनी भावाच्या सायकल दुकानातून आणलेली जुनी ट्यूब काढली. एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या. दमलेल्याला असं ओढायला नियमाची परवानगी होती. त्या पुढे, मी मागे, बाजूला राठोड, असे आम्ही निघालो. ट्यूब ताणली की पाय आपोआप उचलले जायचे.

ती वाट आमच्या गावातून जात होती. पार दिसू लागला तशा सिस्टर थांबल्या आणि कमरेची गाठ सोडू लागल्या.

"गाव आलं तुवं. तेवढं गावातून असाच चाल. पलीकडे गेल्यावर बांधू."

राठोडनं सूर्याकडे पाहिलं. गाठ सोडून चालत गेलो तर वेळेत पोचणार नाही, हे तिघांनाही कळत होतं. बाईच्या कमरेला बांधलेला मी पारावर कसा दिसेन, हेही कळत होतं. आणि ही शर्यत सिस्टरांना किती हवी होती, ते मला माहीत होतं. ती पुरी होण्याची आशा त्या माझ्या अब्रूसाठी सोडून देत होत्या.

"राहू द्या, सिस्टर," मी म्हणालो. "मी थकलो."

पारावर आमची वाटच पाहत असल्यासारखी माणसं बसली होती. "पाहा बे, नर्सबाईनं गज्याले दावं लावलं!" "कोणत्या बाजारात नेता, बाई? भाव तरी सांगा!" मी मान खाली घालून पळत होतो. तेवढ्यात बाबांचा आवाज आला, "सिस्टर, सोडू नका त्याले. पोळ्याले सोडजा एकदम!" सगळा पार हसला, पण आता ते हसणं अंगावर येत नव्हतं. बाबा चपला हातात घेऊन माझ्या बाजूनं शिवेपर्यंत झपाझप आले.

"थकला का रे?"

"हो, बाबा."

"मी बी थकतो," ते म्हणाले आणि तिथेच थांबले.

आम्ही पोचलो तेव्हा धरणाच्या भिंतीवर थोडं ऊन शिल्लक होतं. वेळेत पोचलेल्यांत आमची टीम शेवटची. सिस्टर टेबलाशी बसलेल्या माणसाला म्हणाल्या, "तिघं आलो. लिहा." मग स्वतःच्या कमरेची गाठ सोडून त्या पाण्याकडे तोंड करून बसल्या. आम्ही दोघं माझ्या कमरेची गाठ सोडवत राहिलो.

पुढच्या वर्षी त्यांची बदली उमरखेडच्या बाजूला झाली. आम्ही त्यांना एस.टी.त बसवून आलो. मला कळंबला शाळेत नोकरी लागली. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून गेल्या महिन्यात त्यांना पत्र लिहिलं.

"आदरणीय सिस्टर,

सलाम. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांची तब्येत चांगली आहे. परवा नागपूरच्या एका मोठ्या टीमचा फोन आला होता. मला घेतो म्हणाले. मग म्हणाले, नियमापुरती एक बाई लागेल, तुमच्याकडची ती नर्स येते का विचारा. मी नाही म्हणालो. सांगितलं, माझी टीम आहे आणि आमच्या कप्तान उमरखेडला असतात. तुम्हाला न विचारता एवढं बोललो, रागावू नका. राठोड तयार आहे, फक्त त्याचं पोट सुटलंय. शर्यत दिवाळीनंतर आहे. आपल्या तिघांची नावं दिली आहेत, तुमचं सगळ्यात वर. रजा मिळते का ते कळवा. नाही मिळाली तर आम्ही दोघंही जाणार नाही.

तुमच्या टीमचा,
गजानन"