कोंबडी पसंत आहे!

हसणार नसाल तरच सांगतो. बरं, हसा, पण आमच्या कंपनीत कुणाला सांगू नका. कारण मी अंबरनाथ एमआयडीसीत प्लॅनिंग डिपार्टमेंटला आहे, आणि ही गोष्ट माझ्या प्लॅनिंगची आहे.

झालं असं, पुण्याहून माझे कॉलेजचे मित्र बदलापूरला माझ्याकडे दोन दिवस राहायला येणार होते. सचिन, त्याची बायको मीनल, आणि रोहित, आमच्यातला शेवटचा अविवाहित. सचिन फोनवर म्हणाला, "बदलापुरात बघण्यासारखं काय आहे रे? स्टेशन?"

लागलं ना मला! रात्रभर बसून एक्सेल शीट केली. शनिवारी उल्हासनगरला सिंधी दाल-पकवानाचा नाश्ता, मग अंबरनाथचं जुनं शिवमंदिर. रविवारी डोंगर, आणि उतरल्यावर पायथ्याच्या गावात घरगुती जेवण. त्या गावातल्या एक मावशी सांगून ठेवलं तर जेवण करून देतात. फोनवर सगळं ठरवलं. गावठी कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या. खूण काय? हिरवं गेट, दारात आंबा.

शनिवार झकास गेला. दाल-पकवानाची सचिननं चक्क दुसरी प्लेट मागवली. मग मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर! रविवारी डोंगर उतरताना म्हटलं, "मळलेल्या वाटेनं कोणीही जाईल. मला शॉर्टकट माहीत आहे."

माहीत नव्हता. दोन तास करवंदीच्या काट्यांतून घसरत, शर्ट फाडत आम्ही एकदाचे खाली पोचलो. आणि समोर काय? हिरवं गेट! दारात आंबा!

"बघा!" मी म्हणालो. "याला म्हणतात प्लॅनिंग."

गेटात एक काका उभे होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. "यावा, यावा! कवाची वाट बघतोय. कल्याणवरनं आलात ना?"

पुण्याहून गाडी कल्याणलाच बदलतात. म्हटलं, "हो, कल्याणवरूनच."

काय ते स्वागत! पाय धुवायला गरम पाणी. खुर्च्यांवर नव्या चादरी. मला तर हाताला धरून मधल्या मोठ्या खुर्चीवर बसवलं. वाटलं, ऑर्डर मी दिली होती, म्हणून मान.

"पोरगा काय करतो?" काकांनी रोहितकडे बघत मला विचारलं.

"इंजिनियर आहे. पुण्याला स्वतःचा फ्लॅट आहे."

"व्यसन?"

"छे हो! साधी सुपारी खात नाही." किती आपुलकीनं चौकशी करतात ही गावची माणसं! असं मी मीनलला हळूच म्हणालोसुद्धा.

मग जेवण आलं. साडी नेसलेली एक मुलगी वाढत होती. काका म्हणाले, "समदं हिनंच केलंय. अनितानं. उल्हासनगरला लॅबमंदी नोकरी करते, पन घरचं बी समदं येतं."

रस्सा असा होता की बस्स! आम्ही तुटून पडलो. चौघांत कोंबडी साफ. मी तोंड भरलेलं असतानाच बोललो, "काका, हाताला काय चव आहे हिच्या! हिला आम्ही पुण्यालाच घेऊन जातो!"

आतल्या दारात बसलेल्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, मसाल्याचा ठसका.

काका पुढे सरकले. "म्हंजे पसंत हाय?"

"पसंत? एकदम पसंत!"

"पोराला बी विचारा."

रोहित हाडूक चोखत म्हणाला, "मला तर आणखी हवंय."

काका जरा गोंधळले. मी हात धुतले, खिशातलं पाकीट चाचपलं नि म्हटलं, "आता द्यायचं-घ्यायचं तेवढं सांगा."

काका एकदम ताठ. "आमच्यात देनंघेनं नाय. फकस्त मुलगी नि नारळ!"

आता माझं डोकं बघा. मला वाटलं, मुलगी नारळाचं काहीतरी गोड घेऊन येतेय. म्हटलं, "येऊ द्या की मग!"

घरात जल्लोष! आजी बाहेर आल्या आणि त्यांनी रोहितच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. काका म्हणाले, "मग फुडची बैठक?"

"पुढच्याच महिन्यात! कंपनीतली पन्नास माणसं घेऊन येतो!"

मीनलनं माझा फाटका शर्ट ओढला. "अरे, हे जेवणाबद्दल बोलत नाहीयेत."

आणि तेवढ्यात गेटाशी पांढरी गाडी थांबली. आतून पेढ्यांचा बॉक्स उतरला, मागून एक गॉगलवाला मुलगा आणि त्याचे वडील. वडील म्हणाले, "माफ करा, उशीर झाला. आम्ही कल्याणहून, अनिताला बघायला."

माझ्या हातात तेव्हा बडीशेपेची वाटी होती. ती पडली. तो आवाज अजून कानात आहे.

काकांचा चेहरा पांढरा पडला. "मग ह्ये कोन?"

मी काकांना आत नेऊन काय झालं ते सांगितलं. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. अनिता फक्त रिकाम्या पातेल्याकडे बघून म्हणाली, "सकाळी पाचला उठून केलं होतं." पोरीच्या आयुष्यातला एवढा महत्त्वाचा दिवस, आणि आम्ही तिची कोंबडी खाऊन, ढेकर देऊन बसलेलो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मावशी! "आवो, जेवन थंड झाला. येताय का नाय?" हिरवं गेट त्यांचंही होतं, पण पलीकडच्या गावात.

मी काकांची स्कूटर मागून घेतली आणि सुसाट सुटलो. अर्ध्या तासात मावशींचं अख्खं जेवण मागच्या दारानं अनिताच्या स्वयंपाकघरात हजर! पाहुणे जेवले, खूश झाले. गॉगलवाल्यानं विचारलं, "तुम्ही केलंत?"

अनिता सरळ म्हणाली, "नाही. मी केलेलं हे चौघं खाऊन बसलेत."

मुलगा इतका हसला की त्याला गॉगल काढून डोळे पुसावे लागले. मग दोघं आंब्याखाली बोलत बसले. बराच वेळ बसले. काकांचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

निघताना मी काकांपुढे हात जोडले. "चूक माझीच."

"नाय वो, आमची बी हाय," काका म्हणाले. "मध्यस्थानं मुलाचा फोटू नव्हता दिला. सांगितलेलं, पोरगा उंच, गॉगल लावतो. तुमच्या पोराच्या गळ्यात गॉगल दिसला. नि सांगितलेलं, सोबत पोराचा बाप आसल. टकला हाय नि लय बोलतो. तुमी आत येऊन टोपी काढलीत, मग शंकाच नाय आली."

रोहित माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे हो!

आम्ही गेटाबाहेर पडलो. मग रोहितनं भर रस्त्यात वाकून माझ्या पायांना हात लावला.

"निघायचं ना, बाबा?"