डायलिसिसच्या खिडकीतला कांचन

“मॅडम, झाड जागेवरच आहे. फक्त फांद्या गेल्यात,” पाटील म्हणाले.

मी कांचनाच्या खोडाशी उभी होते. खोड आणि खिडकीकडची एक फांदी, एवढंच उरलं होतं. बाकी फांद्या कोयत्याने तोडलेल्या, आणि दोन ठिकाणी साल पार खालपर्यंत सोलून निघालेली. दसरा नुकताच झाला होता. पाटील हे धुळ्यातल्या त्या हॉस्पिटलचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. तसे भले गृहस्थ. पण त्या वेळी माझ्या हातात कोयता नव्हता, हे त्यांचं नशीब.

“कोणी तोडल्या?”

“भाईजींनी सांगितलं होतं. दसऱ्याला सगळ्या पेशंटना सोनं वाटायचं म्हणून.”

मी लँडस्केपिंग करते, म्हणजे बागा आखून देते. या हॉस्पिटलची बागही माझीच. भाईजी तिथले ट्रस्टी. त्यांचं घराणं पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलं, धुळ्यात धान्याच्या व्यापारात नाव काढलं. हॉस्पिटलला जागा त्यांनीच दिली. माणूस दिलदार, पण त्यांना झाडातलं काही कळत नाही, आणि कळत नाही हे मान्य नाही.

पहिल्याच मीटिंगमध्ये ते म्हणाले होते, “पाम लावा, अशोक लावा. बाराही महिने हिरवं दिसलं पाहिजे.”

“भाईजी, बाराही महिने हिरवं म्हणजे बाराही महिने तेच ते. तुमच्या डायलिसिसच्या खिडकीशी एकदा बसून बघा.”

ते बसले नाहीत. मी बसले. डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीनकडून करून घ्यायचं. आठवड्यातून दोन-तीनदा यायचं, हाताला सुया टोचून चार-चार तास खुर्चीत पडून राहायचं. आजचं झालं की परवा परत. समोर एक मोठी काच, आणि तेव्हा काचेपलीकडे भिंत आणि जनरेटर. या लोकांना ऋतू बदलला हे कळायचं ते बिलाबरोबर मिळणाऱ्या कॅलेंडरवरून.

आमच्या धंद्यात ‘इयर राउंड इंटरेस्ट’ म्हणतात, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक ऋतूत बागेत पाहण्यासारखं काहीतरी हवं. एक झाड थकलं की दुसऱ्याने पुढे यायचं. काच बंद, त्यामुळे मोगरा, रातराणी, कुंती ही सुवासाची मंडळी आधीच बाद. डोळ्यांना दिसेल तेच कामाचं. उन्हाळ्यासाठी बहावा. पावसाळ्यात शंकासुर, ते झुडूप आपल्या खान्देशच्या उन्हाला दाद देत नाही आणि पाऊस संपेपर्यंत लाल-केशरी फुलत राहतं. थंडीसाठी कांचन, जांभळ्या-गुलाबी फुलांचा. आणि थंडी सरताना पांगारा. त्याची पानं गळतात, मग नुसत्या काट्यांच्या फांद्यांवर लालभडक फुलं येतात, आणि साळुंक्या त्यावर भांडायला जमतात.

“हॉस्पिटलसमोर वाळकं झाड? अपशकुन आहे मॅडम,” भाईजी म्हणाले.

त्यावर आमची बरीच खडाजंगी झाली. शेवटी गेटपाशी त्यांचे पाम आणि खिडकीसमोर माझी झाडं, अशी तडजोड झाली.

कांचनाने तिसऱ्या हिवाळ्यात पहिल्यांदा फुलं धरली. मी मुद्दाम आत बघायला गेले. पिंपळनेरहून एसटीने येणाऱ्या एक अक्का होत्या. खिडकीजवळची खुर्ची त्यांचीच. मला बघून म्हणाल्या, “बेटा, मना माहेरना आंगनमा असंच झाड व्हतं.” मग पुढचे चार तास त्या माहेराबद्दल बोलत होत्या. सिस्टर म्हणाली, एरवी अक्का भिंतीकडे तोंड करून पडतात. पुढच्या वर्षी पावसाळाभर त्यांचा एकच प्रश्न असायचा, “कवय फुलस?” मी सांगितलं, दसरा होऊ द्या, दिवाळीत कळ्या येतील. माझ्या शब्दावर त्या दिवाळीची वाट बघत होत्या.

आणि दसऱ्यालाच हा प्रकार झाला. पुढचं मला सिस्टरने सांगितलं.

डायलिसिसला सणाची सुट्टी नसते. सकाळीच शिपायाने कोयता लावला. दहाच्या सुमारास भाईजी ताट घेऊन वॉर्डात आले, सोबत फोटोग्राफर. प्रत्येकाच्या हातात पान देत ते अक्कांपर्यंत आले. “अक्का, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.”

अक्कांनी पान बघितलं. मग काचेबाहेर बघितलं.

“मनंच झाड तोडीसन मालेच सोनं देतस का, भाऊ?” असं म्हणून त्यांनी पान ताटात परत ठेवलं.

फोटोग्राफरने तो फोटो काढला नाही. भाईजी पुढच्या खुर्चीकडे सरकले. तेवढ्यात ताटातली पानं कमी पडली, म्हणून शिपाई परत शिडी घेऊन निघाला. एकच फांदी उरली होती, काचेला टेकलेली. त्याने कोयता उचलला आणि अक्कांनी मोकळ्या हातात जेवणाचा डबा घेऊन काच बडवायला सुरुवात केली. सिस्टर ओरडतेय, “अक्का, सुई निघेल!” अक्का ऐकायला तयार नाहीत. शेवटी शिपाई शिडीवरून उतरला.

हे ऐकून मी तडक भाईजींच्या केबिनमध्ये गेले.

“भाईजी, तो आपटा नव्हताच!”

“पान दोन फाकांचं आहे ना? मग झालं.”

इथे माझं डोकं फिरलं. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत. कांचनाचं मोठं आणि मऊ. दोघांना मधे चीर असते, एवढंच साम्य. पण बाजारात दसऱ्याला कांचनाचे ढीग आपटा म्हणून विकले जातात, आणि शिकले-सवरलेले लोक ते भक्तिभावाने घरी नेतात. ऐन कळ्या धरायच्या वेळी अख्ख्या गावातले कांचन बोडके होतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी हे सगळं आवाज चढवून सांगितलं.

“अहो मॅडम, पत्ती परत येईल. फुलं काय, पुढच्या वर्षी बघतील.”

“पुढच्या वर्षी कोण बघेल भाईजी? तुमच्या त्या वॉर्डात जाऊन विचारा, पुढच्या वर्षी बघाल का म्हणून!”

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पोचलं. कसलं काय! आठवड्याने गेले तर कांचनाच्या खुंटांना प्लॅस्टिकची जांभळी फुलं तारेने बांधलेली. पाटील अभिमानाने म्हणाले, “भाईजींनी खास जळगावहून मागवली. आता बाराही महिने राहतील.” मी तिथल्या तिथे शिडी मागवली आणि स्वतः चढून एकूण एक फूल उपटून काढलं. मग करवतीने खुंट नीट सरळ कापले, जखमांना बोर्डो पेस्ट लावली. बुरशी लागू नये म्हणून लावतात ती. काचेआडून सगळे पेशंट बघत होते. अक्कांनी हात वर केला.

दिवाळीनंतर खुंटांना पालवी फुटली. फुलं आली नाहीत, येणारच नव्हती. पण ती काचेला टेकलेली फांदी फुलली. मोजकीच फुलं, आणि ती फक्त खिडकीजवळच्या खुर्चीतून दिसत.

मी गेले तेव्हा त्या खुर्चीत भलताच माणूस होता. मी सिस्टरला शोधायला वळले. तेवढ्यात कोपऱ्यातून, भिंतीकडच्या खुर्चीतून हाक आली, “बेटा, मी आठे शे!”

अक्कांनी नवा नियम केला होता. रोज एकेकाने, आळीपाळीने सगळ्यांनीच खिडकीशी बसायचं. “बठ्ठासनी पाहाले पाह्यजे,” त्या म्हणाल्या. सिस्टरने सांगितलं, त्यांचा स्वतःचा नंबर त्यांनी शेवटी लावला होता.

त्याच महिन्यात मी गेटपाशी भाईजींचा एक पाम काढायला लावला आणि खरा आपटा लावला. पाटलांना सांगितलं, हे झाड तोडायचंच आहे, दसऱ्याला यालाच हात लावा. भाईजींनी विचारलं, “याला फुलं कधी येतात?”

बाग आखताना माती, पाणी, ऊन बघावं असं कॉलेजात शिकवलं होतं. मी आता आधी दसरा बघते. तोडायला एक झाड दिल्याशिवाय इथे बघायचं झाड टिकत नाही.