मामांची झोपडी आणि आमचा प्लॉट

मंडळी, आज सकाळी नवरा आणि मी हिंगणघाटला वणा नदीकाठच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट पक्का करायला गेलो. भाड्याच्या दोन खोल्यांना मी पार कंटाळलेय.

प्लॉटला लागूनच माझ्या मामांची टरबुजाची वाडी आहे. मामा आपली झोपडी मोडून बांबू बैलबंडीत भरत होते.

"काऊन मामा, एवढ्यात निघाले?"

"पावसाळा येऊन राह्यला पोरी. नदीले हातपाय पसराले जागा लागते. दरसाल मीच सरकतो."

"आणि आमचं घर?"

मामा हसले. "मी झोपडी उचलून नेतो. तू स्लॅब कसा उचलशीन?"

प्लॉट दाखवायला आलेल्या दलालानं हातातला नकाशा गुंडाळला. मामांनी शेवटचं मोठं टरबूज माझ्या हातात दिलं आणि आम्ही तेवढंच घेऊन परतलो.

घर तर हवंच आहे हो. पण खरं सांगा, तुमचं घर कोणाच्या वाटेत उभं आहे, हे कधी कोणाला विचारलंत?