जाळीला लावलेलं अस्तर

चौकाच्या कोपऱ्यावर, जिन्याखालच्या खोलीत शिलाईचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल आणि लोक न्यायला विसरलेले चार-सहा कोट. तिथे बसणाऱ्या बाईला अख्खा चौक ताई म्हणतो. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा ताईच म्हणतात, कारण तिच्याशी वाकडं बोलायची कुणाची टाप नाही. हाताला मात्र तोड नव्हती. फाटकी बॅग असो, तुटकी चेन असो, तिच्या हातून गेली की नव्यासारखी होऊन परत यायची.

खोड एकच. भोक दिसलं की तिला राहवत नसे. कुणी चाळणी दुरुस्तीला आणली असती, तर बाईनं तिचीही भोकं बुजवून दिली असती आणि वर ‘एवढं माझ्यातर्फे’ असं सांगितलं असतं. दुसरी खोड म्हणा, स्वभाव म्हणा, कामात काढलेली चूक तिला खपत नसे. समोरच्या केस कापणाऱ्या बाईनं एकदा ‘बाही जरा घट्ट झालीय’ म्हटलं, तर ताई पुढचा सगळा हिवाळा तिच्याशी बोलली नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा मान दुसरीकडे.

तर या ताईकडे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा तंबू घेऊन आला. तो बसच्या कारखान्यात मेकॅनिक. सुट्टीत बायको आणि मुलीला घेऊन तळ्याकाठी राहायला जायचं त्यानं ठरवलं होतं. तंबू ओळखीच्या कुणाचा तरी, जुना पण धडका. दाराची चेन अडकत होती आणि तळाचा एक कोपरा उसवला होता.

“एवढंच करा ताई. बाकी सगळं ठीक आहे,” मेहुणे म्हणाले.

‘बाकी सगळं ठीक आहे’ हे दुसऱ्यानं ठरवावं, हे ताईला कुठे मानवायला. तिनं टेबल भिंतीला सरकवलं, खुर्च्या बाहेर काढल्या आणि तंबू दुकानातच उभा केला. दांडे वाकवून कड्यांत अडकवले, दोऱ्या मशीनच्या पायाला बांधल्या आणि स्वतः आत जाऊन बसली. चेन झाली, कोपरा झाला. मग वर लक्ष गेलं. शेंड्याजवळ दोन बाजूंना हाताच्या पंजाएवढी जाळी. त्यावर बाहेरून छोटी झडप आणि ती उघडी राहावी म्हणून लावलेली काडी. म्हणजे वारा आत यावा अशी मुद्दाम केलेली सोय. ताईला शिवणाऱ्याच्या अकलेची कीव आली. तळ्याकाठची थंडी, त्यात भाची जरा गारठली की खोकत बसणारी. तिनं कोटाचं जाड अस्तर काढलं, जाळीला आतून लावलं आणि चारही बाजूंनी दुहेरी टीप मारली. दाराखालची जाळीची पट्टीही तशीच बंद केली. बाहेरून काही कळू नये इतकं सफाईदार काम. घडी घालताना ती स्वतःवर खूश होती.

“आत आता वाऱ्याची झुळूकसुद्धा येणार नाही,” तंबू देताना ती बहिणीला म्हणाली. धाकटीनं तिला मिठी मारली.

मंडळी ठरल्यापेक्षा लवकर परतली. फोनवर धाकटी म्हणाली, पाऊस लागला, मजा गेली. भाचीचं विचारलं तर, पोट बिघडलं होतं, आता बरी आहे. भेटायला येते म्हटलं तर, राहू दे गं ताई, झोपलीय ती. ताईला वाटलं, दमली असतील. मग तिला तंबूची काळजी लागली. पावसात भिजलेला तंबू तसाच गुंडाळून ठेवला की त्याला बुरशी येते आणि कापड कुजून जातं. वाळवून देते, पाठवून दे, असं तिनं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा धाकटी म्हणाली, “राहू दे.” ताईला राहू दे म्हणणं म्हणजे माशीला गुळावर बसू नको म्हणण्यातला प्रकार. ती सरळ त्यांच्या घरी गेली.

तंबू गॅलरीत दोरीवर उलटा टाकलेला होता. तिनं सवयीनं कापड चाचपलं. शेंड्याजवळ हात गेला आणि थांबला. अस्तर चिरलेलं होतं. उसवलेलं नव्हतं, सुरीनं आरपार फाडलं होतं, खालच्या जाळीसकट. तिची दुहेरी टीप चारही बाजूंनी शाबूत होती आणि मधोमध भगदाड.

“हे कुणी केलं?” तिनं चढ्या आवाजात विचारलं. तोपर्यंत ती रागातच होती, हे सांगायला हवं.

धाकटी दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मेहुण्यांनी खुर्ची पुढे केली.

“बसा ताई. मीच केलं.”

मग त्यांनी सांगितलं. संध्याकाळी पाऊस आला. तंबूत शेगडी पेटवायची नसते हे त्यांना ठाऊक होतं. पण पोरगी कुडकुडत होती, पटकन दूध तापवू म्हणून गॅसची छोटी शेगडी त्यांनी दाराशी, आतल्या अंगाला ठेवली. पाऊस आत येतो म्हणून दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं पोरगी डोकं दुखतंय म्हणाली, मग उलटी झाली. धाकटी कोपऱ्यात बसली होती, ती हाकेला ओ देईना. मेहुण्यांचंही डोकं जड झालं होतं. दाराची चेन चाचपूनही हाताला सापडेना, तेव्हा खिशातल्या सुरीनं वरचं अस्तर फाडलं, गार हवा तोंडावर आली, मग दार सापडलं. दोघींना ओढत बाहेर पावसात काढलं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, कोंडलेल्या जागेत ज्योत पेटली की विषारी वायू साचतो. वास नाही, धूर नाही, माणसाला कळतसुद्धा नाही.

“शेगडी मी आत घेतली. चूक माझी आहे,” मेहुणे म्हणाले. “उघड्या जाळीनं सगळं भागलं असतं असंही नाही.”

 ताई पुढे केलेल्या खुर्चीत बसली.

“तंबू उभा करताना दिसलं नाही का तुम्हाला?” तिनं विचारलं. म्हणजे अजूनही ती दुसऱ्याच्या पदरात काही टाकता येतं का, ते बघत होती.

“दिसलं ना. लगेच उसवायला घेतलं होतं.”

“मीच नको म्हटलं,” धाकटी म्हणाली. “म्हटलं, तंबू परत गेल्यावर ताई बघेल. तिला वाईट वाटेल. मग महिनाभर बोलायची नाही.”

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणानं बोलली, घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगावी तशी. आतून भाची ‘मावशी आली का?’ असं विचारत होती. ताईला त्या खोलीत जायची हिंमत झाली नाही. शरमेनं माणसाला बसल्या जागी मरावंसं वाटतं म्हणतात, तसं तिला वाटलं. आपल्या लाडक्या बहिणीनं आपल्या भीतीपोटी स्वतःच्या लेकरासाठी हवेची वाट उघडली नाही. जीव धोक्यात आला तरी ताईचं मन मोडू नये, एवढी दहशत आपण घरात बसवली. आणि वर हे लोक आपल्यालाच खुर्ची देतात.

घरी परतताना तिला आठवलं. शाळेचे तंबू! खेळाच्या सरांनी शाळेचे चार तंबू मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे दिले होते. त्यांच्याही जाळ्यांना तिनं असंच अस्तर लावलं होतं, पोरांना थंडी वाजू नये म्हणून. सरांनी तेव्हा तोंड भरून कौतुक केलं होतं. ती अर्ध्या रस्त्यातून वळली. चालत नव्हे, धावतच म्हणा, कारण या वयात तिला धावताना चौकानं प्रथमच पाहिलं.

शाळेच्या मैदानावर सर मुलांना तंबू उभारायला शिकवत होते. खुंटी सरळ नाही, तिरकी ठोकायची, तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं. दार वाऱ्याच्या तोंडाला नको. आत ज्योत नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. ताई धापा टाकत त्यांच्यापुढे उभी राहिली. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण बाजूला घेतलं तर आपण शब्द फिरवू, चूक कापडावर ढकलू, हे ती स्वतःला ओळखत असल्यानं तिला ठाऊक होतं. ती सगळ्या पोरांसमोर बोलली.

“सर, या तंबूंच्या वरच्या जाळ्या मी बंद केल्यात. कुणाला आत झोपू देऊ नका. माझी भाची मरता मरता वाचली. माझ्यामुळे.”

 सरांनी हातातली हातोडी खाली ठेवली.

“ताई, त्या जाळ्या उघड्याच आहेत,” ते हळूच म्हणाले. “तुमच्याकडून आणले त्याच आठवड्यात अस्तर काढलं मी. घरी बसून, एकेक टाका उसवून. जाळीला धक्का लागू दिला नाही.”

ताई वाकून जवळच्या तंबूत शिरली. शेंड्याजवळची जाळी उघडी होती, तिच्यातून आभाळ दिसत होतं. कडेनं सुईच्या बारीक भोकांची दुहेरी रांग होती, तिच्याच टिपेची. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

“मग मला सांगितलं का नाही? तेव्हाच सांगितलं असतं तर मी पुन्हा असं केलं नसतं.”

सरांनी मुलांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“तुम्हाला कसं सांगायचं, ताई?”

यावर एरवी तिच्याकडे दहा उत्तरं असती. आज ती तिथेच गवतात बसली. पोरं तिच्याकडे टकामका बघत होती, पण तिनं पदरानं तोंड झाकलं नाही.

“आणखी कुणीकुणी उसवलंय?” तिनं विचारलं. “तुम्हाला माहीत असेल. चौकात लोक बोलतच असतील.”

सरांनी हातोडी उचलली आणि तिच्याकडे न बघता ते पुढची खुंटी ठोकायला लागले.