तळव्यावरची टिचकी

माझा हात आधी उठतो आणि डोकं मागून येतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, एकदा तर सख्ख्या मेहुण्याशी माझी हातघाई झालेली आहे. बायको म्हणायची, पोरं झाली की निवळेल. पोरं झाली. एकदम दोन झाली, आणि दहा आठवडे आधी झाली.

मुलगा आणि मुलगी. हॉस्पिटलच्या कागदावर ट्विन वन आणि ट्विन टू. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर ते हॉस्पिटल, आणि दुसऱ्या मजल्यावर नवजात बाळांचा एनआयसीयू. तिथे काचेच्या दोन पेट्यांत दोघं पडली होती. फुप्फुसं अजून तयार नव्हती, म्हणून नाकात नळ्या घालून मशीन हवा आत ढकलत होतं. पेटीत जे चाललं होतं ते मला मारहाणीसारखंच दिसायचं. टाचेत सुई. हातावरची चिकटपट्टी ओढली की कातडीचा पापुद्रा सोबत यायचा. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत खेचल्या जायच्या. मुलगी रडायची तेव्हा नुसतं तोंड उघडं दिसायचं, आवाज कसला तो नाहीच. सिस्टर सुई टोचत असताना मी शेजारी मुठी वळून उभा असायचो. ती पोरांना वाचवतेय हे कळत होतं, तरी तिचा हात पिरगाळावासा वाटायचा. लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं ते वाटायचं.

मुलगा दोन-तीन दिवसांत सावरला. मुलगी मात्र श्वास घ्यायला विसरायची. डॉक्टर अगदी असंच म्हणाले, विसरते. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूला अजून ती सवय नसते. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदवरून ऐंशी, सत्तर असा घसरायचा, अलार्म किंचाळायचा, आणि तिथली मोठी सिस्टर, केरळची, शांतपणे येऊन पोरीच्या पायाच्या तळव्यावर बोटाने टिचकी मारायची. टिचकी बसली की पोरगी दचकून श्वास घ्यायची.

पाचव्या दिवशी माझ्या आईने घरी पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, सटवाईने नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं. बाळं नाहीत, बाळंतीण नाही, नुसता पाटा. पूजेतले दोन काळे करदोटे तिने रुमालात बांधले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भेटीच्या वेळेला हट्टाने माझ्याबरोबर आली. नातवंडांच्या कमरेला ते बांधल्याशिवाय ती परत जाणार नव्हती.

"अम्मा, अंदर धागा नहीं चलेगा. इन्फेक्शन होता है," दारावरचा वॉचमन म्हणाला. पन्नाशीचा, सुकलेला माणूस.

आई त्याच्या हाताखालून आत शिरायला लागली. त्याने तिचं मनगट धरलं. रुमाल पडला, सुटला, आणि एक करदोटा त्याच्या बुटाखाली आला. मुद्दाम नव्हतं. मुद्दाम नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी त्याच्या कानाखाली वाजवली.

सहा दिवसांचं सगळं त्या हातात होतं. त्याचा ओठ फुटला, दातांवर रक्त आलं. मी दुसरी मारली. मग त्याने माझी कॉलर दोन्ही हातांनी धरून मला लिफ्टच्या लोखंडी जाळीवर आपटलं. उजवा खांदा वाजलेला मला ऐकू आला. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. आई मध्ये पडली, तिलाही धक्का बसला. तेवढ्यात दार उघडून मोठी सिस्टर बाहेर आली. तिने आवाज चढवला नाही.

"अंदर पंधरा बच्चा है. आवाज से ऑक्सिजन गिरता है. तुम्हारा बच्ची का भी. मारना है तो नीचे जाओ."

आम्ही एकमेकांना सोडलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हाताला काहीतरी लागलं होतं.

दुपारपर्यंत खांदा सुजला. आईने बाम चोळला. कापूर आणि पुदिन्याचा वास मारणारा तो बाम, आमच्या घरात पडशापासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला तोच. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तिने पुन्हा चोळला, खांद्यावरून पार छातीपर्यंत. "माझ्यापायी मार खाल्लास, गप लावून घे," म्हणाली.

त्याच सकाळी सिस्टरने मला आत बोलावलं. मुलीची जाड नळी काढून बारीक लावली होती. माझ्या बायकोचं सिझेरियन झालेलं, बीपी खाली येत नव्हतं, ती वरच्या मजल्यावर झोपूनच होती. "मम्मी नहीं आ सकता तो पप्पा करेगा," सिस्टर म्हणाली. कांगारू म्हणतात त्याला. उघड्या छातीवर बाळ उभं धरायचं, वरून गाऊन. बाळाला ऊब मिळते, श्वासाला लय येते. मी कोपरापर्यंत तीनदा हात धुतले, नखं दाखवली, मास्क लावला. भिंतीवरच्या पाटीवर सगळं हातांचंच लिहिलं होतं, खांद्याचं काही नव्हतं.

सव्वा किलोच्या आतलं वजन. छातीवर काही ठेवलंय असं आधी वाटलंच नाही, मग तिची ऊब कळली. मला रडू आलं. तिने डोकं उजवीकडे वळवलं, सुजलेल्या खांद्याकडे. काही मिनिटं गेली असतील, आणि तिच्या बरगड्या हलायच्या थांबल्या.

अलार्म. सत्तर. साठ. ओठ निळे झाले, कपाळ राखेच्या रंगाचं झालं. सिस्टरने टिचकी मारली. काही नाही. दुसरी, तिसरी, कडकडीत. काही नाही. तिने पोरीला माझ्या छातीवरून उपसून काढलं, पेटीत टाकलं, तोंडावर मास्क दाबून धरला आणि हवेचा फुगा दाबायला लागली. डॉक्टर धावत आले. मी उघडाबंब भिंतीला टेकून उभा होतो. जन्मात पहिल्यांदा मला कुणालाच मारावंसं वाटलं नाही. मी घाबरलो होतो.

कितीतरी वेळाने आकडा चढला. सिस्टर मास्क खाली करून माझ्याजवळ आली आणि तिने नाक आक्रसलं.

"क्या लगाया है?"

"बाम. कंधे को लगा है इसलिए."

"इससे इतना छोटा बच्चा का साँस रुकता है," ती म्हणाली. खांद्याला कशाने लागलं ते तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं.

डॉक्टर नंतर म्हणाले, बामामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. मला सांगता येतं.

बाथरूममध्ये जाऊन मी साबणाने अंग लाल होईपर्यंत घासलं. परत आलो तर दारात तोच वॉचमन, ओठ टम्म सुजलेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बच्ची ठीक है. अभी पूछा मैंने." मला माफी मागायची होती. नुसते हात जोडले.

बायकोला सगळं सांगितलं. थप्पड, खांदा, बाम. "म्हणजे तिचा श्वास तू थांबवलास," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून वळली. तिकडे बघतच म्हणाली, "आईंना सांगू नकोस. त्या खचतील." आईला मी आजही सांगितलेलं नाही.

चार दिवस सिस्टरने मला पोरीला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी तिने माझे दोन्ही खांदे हुंगले आणि पोरीला छातीवर दिलं. मग सिस्टर शेजारच्या पेटीत एका बाळाला सुई लावत होती, तेव्हा अलार्म वाजला. ऐंशी. "सिस्टर," मी म्हणालो. तिने मान वळवली. दोन्ही हात गुंतलेले होते.

"मारो," ती म्हणाली.

माझा हात उठेना. ज्या हाताने एका भल्या माणसाचे दात रक्ताने भरले, तो गाऊनखालीच राहिला. तळवा माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढा. किती जोरात मारायचं हे मला आयुष्यात कधी कळलं नव्हतं.

"पप्पा, मारो."

मी मारली. फार हळू झाली. सत्तर. मी दुसरी मारली, तिला लागेल अशी. पोरगी आखडली, तिने तोंड उघडलं आणि माझ्या छातीवर आवाज काढून रडली. मी तिचा पाय मुठीत धरून बसलो.

"बस," सिस्टर पाठमोरीच म्हणाली. "इतना ही मारने का."