दोन डाव्या बाह्या

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात सकाळी पहिला आवाज मशीनचा कधीच नसे. पहिला आवाज मास्तरांचा. गळ्यात टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि कापड बेतायच्या टेबलावर वडिलांची पोथी. रोज एक पान, मोठ्याने. पान संपलं की शेवटच्या शब्दावर बोट ठेवून ते क्षणभर गप्प बसत. ही वडिलांची सवय. ते गप्प बसून काय करत, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. आपणही बसायचं, एवढंच उचललं.

आता इतकी वर्षं पोथी वाचणारा माणूस शांत असेल, असं तुम्हाला वाटेल. शांततेचं नाव नको. मास्तर म्हणजे साक्षात जमदग्नी. घर दुकानाच्या मागेच, त्यामुळे बायकोला सगळं ऐकू जाई. ती म्हणायची, "यांची पोथी मिटली की तोंड उघडतं." ते मास्तरांच्या जिव्हारी लागे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते आपणच की काय, असंही मनात येई. पण वाचन सुटत नव्हतं. एखादा दिवस चुकला तर तो दिवस उसवल्यासारखा जायचा.

मुलाने सुई कधी हातात धरली नाही, तो नोकरीला चिकटला. सुनेच्या हातात मात्र कला होती. मास्तरांनी तिला कात्री दिली आणि कात्रीबरोबर बोलणीही पोटभर दिली. मागे एकदा साध्या कॉलरवरून गिऱ्हाइकांसमोर इतकं बोलले, की तिने कात्री खाली ठेवली.

"बाबा, मला शिकायचंय. पण पुन्हा असं बोललात तर मी या दुकानाची पायरी चढणार नाही."

ती बोलेल तसं करणारी होती. मास्तरांचे हात आताशा थरथरत. ती गेली तर दुकानाला कुलूपच. आणि खरं सांगायचं तर त्यांचा तिच्यावर जीव होता. फक्त ते सांगायला जीभ रेटत नव्हती.

अशात एका निवृत्त हेडमास्तरांचं कोटाचं कापड आलं. त्यांच्या गेलेल्या भावाने दिलेलं, शोधूनही दुसरं मिळायचं नाही. पोथी मिटल्यावर मास्तर दोरे आणायला बाजारात गेले. परतले तर सून टेबलापाशी पुतळ्यासारखी उभी. कापड कमी म्हणून तिने ते नेहमीसारखं दुहेरी न घालता एकेरी अंथरलं होतं. तसं केलं की दुसरी बाही बेतताना कागदाचा फर्मा उलटा करायचा असतो. ती विसरली. समोर दोन्ही बाह्या डाव्या, आणि उरलेल्या तुकड्यात रुमालसुद्धा निघाला नसता.

मास्तरांचा पारा चढला. तोंड उघडलं. आणि काय झालं कोण जाणे, त्यांचं बोट आपसूक त्या बाहीवर टेकलं, रोज पानावर टेकतं तसं. टेकलं आणि ते गप्प झाले.

पोथीतली एक ओळ आठवली असती तर सांगायला बरं झालं असतं. पण एकही आठवली नाही. बोटाखाली फक्त कापड होतं. ते त्यांना जाणवलं. त्यांनी बाही उचलली, दारात उजेडात नेली, उलटून पाहिली, पुन्हा उलटली.

"सूनबाई, इकडे ये. याची सुलट बाजू कुठली, सांग."

तिने डोळे पुसून पाहिलं. कापड दोन्हीकडून सारखंच होतं. वीण तीच, रंग तोच.

"मग एक बाही उलटी धर. झाली उजवी," मास्तर म्हणाले. "खडूच्या खुणा तेवढ्या झटकून टाक."

ती बघतच राहिली. एवढी साधी गोष्ट भीतीपायी तिला दिसली नव्हती. आणि मास्तर पक्कं ओळखून होते, की तोंड सुटलं असतं तर ती त्यांनाही दिसली नसती. वडील शेवटच्या शब्दावर बोट ठेवून का थांबायचे, ते त्यांना आज कळलं. फार बरं वाटलं त्यांना.

दुपारी जेवताना बायकोने विचारलं, "सकाळी पोथी मिटली होती ना?"

"मिटली होती."

"नाही, आवाज कसा आला नाही म्हणून विचारलं."

मास्तर खाली मान घालून हसले. सून वाढता वाढता म्हणाली, "बाबा, उद्या मी आल्यावरच पान काढा. मागच्या खोलीतून अर्धंच ऐकू येतं मला."

"रोज ऐकतेस?"

"कात्री हातात दिलीत त्या दिवसापासून," ती म्हणाली, आणि तिने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.